दहापैकी दहा गाणी फ्रेंच: परदेशातल्या चाहत्यांचा रेडिओ कसा चालतो

पॅरिसमध्ये एखादं लोकप्रिय संगीत-स्टेशन लावा. तासाभरात फ्रेंचपेक्षा इंग्रजी गाणीच जास्त ऐकू आली तर आश्चर्य वाटून घेऊ नका. फ्रेंच भाषेतली गाणी किमान किती वाजवायची हे तिथे कायद्याने ठरवून दिलेलं आहे आणि सर्वसाधारण स्टेशनासाठी तो आकडा 40 टक्के आहे. दहातली चार गाणी फ्रेंच झाली की स्टेशन मोकळं. उरलेल्या सहा जागांवर जगभर जे गाजत असेल ते वाजतं.

फ्रान्सबाहेर राहून फ्रेंच पॉपवर जीव टाकणाऱ्या माणसाची अडचण इथेच सुरू होते. इंग्रजी गाणी त्याला कुठेही मिळतात. टॅक्सीत मिळतात, मॉलमध्ये मिळतात, नको असतानाही मिळतात. त्याला हवी असतात दहापैकी दहा फ्रेंच गाणी. फ्रान्स्वाज आर्दीच्या पाठोपाठ स्ट्रोमाए, त्यानंतर मिलेन फार्मेर, मग कुणीतरी कालपरवा पहिलं गाणं काढलेला गायक. ही भूक फ्रान्समधलं नेहमीचं स्टेशन भागवू शकत नाही, कारण ते या श्रोत्यासाठी बनलेलंच नाही. म्हणून दुसऱ्या देशात बसून, दुसऱ्या देशातल्या कानांसाठी, फक्त फ्रेंच गाणी वाजवणारी स्टेशनं निघतात. वरवर पाहता काम सोपं वाटतं: गाणी गोळा करायची आणि लावायची. पण या साध्या दिसणाऱ्या गोष्टीमागे सीमेपलीकडचे मनोरे आहेत, भाषेचं राजकारण आहे, रॉयल्टीचा गुंता आहे. तो सगळा एकदा नीट समजून घेण्यासारखा आहे.

आधी हा श्रोता कोण ते पाहू, कारण तो एकाच प्रकारचा नाही. लंडनमध्ये फ्रेंच लोकांची मोठी वस्ती आहे. त्यांना डोळ्यांसमोर ठेवून 2010 साली तिथल्या डिजिटल रेडिओवर फ्रेंच रेडिओ लंडन नावाचं स्टेशन सुरू झालं. हा श्रोता घरापासून लांब आहे आणि त्याला घरी आत्ता काय वाजतंय ते हवं आहे. सोव्हिएत संघात वाढलेल्या पिढीची गोष्ट वेगळी. जो दासां आणि मिरेय माथ्यू हे तिच्यासाठी तरुणपणाचे आवाज आहेत, भाषा कळो न कळो. जपानमध्ये सिल्वी वार्तांला 1960च्या दशकापासून जे प्रेम मिळालं ते आजही टिकून आहे. आणि यूट्यूबवर इंदिलाचं एखादं गाणं ऐकून अचानक या दुनियेत येऊन पडलेला विशीतला मुलगा कोणत्याही देशात असू शकतो. त्याला ना घर आठवायचं आहे, ना तारुण्य. त्याला फक्त पुढचं गाणं हवं आहे.

महाराष्ट्रातही हा श्रोता आहे. अकरावी-बारावीला दुसरी भाषा म्हणून फ्रेंच घेणारी मुलं आपल्याकडे दर वर्षी निघतात. पुण्यात, मुंबईत आणि गोव्यात पणजीला आलियाँस फ्रान्सेझचे वर्ग चालतात. क्रियापदांची रूपं पाठ करून कंटाळलेल्या विद्यार्थ्याला जेव्हा कळतं की या भाषेत नाचताही येतं, तेव्हा तो रेडिओ शोधू लागतो. आणि मराठी माणसाचा फ्रेंच गाण्यांशी सर्वात जुना, रोजचा संबंध मॉरिशसमध्ये आहे. एकोणिसाव्या शतकात कोकणातून मजूर म्हणून गेलेल्यांचे वंशज तिथे राहतात. मॉरिशस ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशन फ्रेंच, क्रिओल, हिंदी, भोजपुरी यांच्याबरोबर मराठीतही कार्यक्रम देते. त्या घरांमध्ये फ्रेंच गाणं ही परदेशी चैन नाही, स्वयंपाकघरातल्या रेडिओवर रोज वाजणारी गोष्ट आहे.

सीमेपलीकडचे मनोरे

परदेशातून फ्रेंच गाणी वाजवण्याची कल्पना इंटरनेटने आणली असं वाटू शकतं. ती त्याच्या कितीतरी आधीची आहे, आणि गंमत म्हणजे तिचे पहिले लाभार्थी फ्रान्समध्ये राहणारे फ्रेंच लोकच होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्सच्या भूमीवरून रेडिओ प्रक्षेपित करण्याचा हक्क फक्त सरकारकडे होता. खासगी कंपनीला देशात मनोरा उभारायला बंदी. पण सीमेच्या पलीकडे मनोरा उभारला तर? लक्झेंबर्ग, मोनॅको, अँडोरा या चिमुकल्या देशांमधून फ्रेंच भाषेतली व्यापारी स्टेशनं चालत. 1955 मध्ये आलेल्या युरोप नंबर वनचा स्टुडिओ पॅरिसमध्येच होता, पण प्रक्षेपक जर्मनीला लागून असलेल्या सारलांडमध्ये. लाँग वेव्हच्या लहरी जमिनीला धरून शेकडो किलोमीटर जातात, त्यामुळे सारलांडमधून निघालेला आवाज फ्रान्सभर पोचायचा. कायदाही मोडला नाही आणि श्रोताही मिळाला.

आपल्याकडच्या वाचकाला हे समजावायला फार शब्द लागू नयेत, कारण आपण हेच रेडिओ सिलोनच्या रूपात अनुभवलं आहे. 1952 मध्ये बाळकृष्ण केसकर माहिती व प्रसारण मंत्री झाले, आकाशवाणीवरून चित्रपटगीतं हद्दपार होऊ लागली, आणि त्याच वर्षी कोलंबोहून अमीन सायानींची गीतमाला सुरू झाली. घरच्या रेडिओने दार लावलं की शेजारच्या देशाचा मनोरा गाणी देतो. आपल्याकडे 1957 मध्ये विविध भारती आली आणि सरकारने माघार घेतली. फ्रान्समध्ये या माघारीला आणखी 24 वर्षं लागली.

त्या मधल्या काळात या सीमेवरच्या स्टेशनांनी फ्रेंच पॉप घडवलं. 1959 मध्ये युरोप नंबर वनवर दानिएल फिलिपाकी यांचा ‘साल्यू ले कोपाँ’ हा कार्यक्रम सुरू झाला. वेळ संध्याकाळची, शाळा सुटून मुलं घरी येण्याची. अमेरिकी रॉक अँड रोल आणि त्याच्या ठेक्यावर फ्रेंच शब्द गाणारी अठरा-वीस वर्षांची पोरं: जॉनी हालिडे, सिल्वी वार्तां, फ्रान्स्वाज आर्दी. या संगीताला ‘ये-ये’ म्हणू लागले. 22 जून 1963 रोजी या कार्यक्रमाच्या मासिकाला एक वर्ष झालं म्हणून पॅरिसच्या प्लास द ला नासिओंवर मोफत मैफल ठेवली, तर दीड लाखांहून अधिक तरुण जमले. आयोजकांनी इतक्या गर्दीची कल्पनाच केली नव्हती. एका रेडिओ कार्यक्रमाच्या श्रोत्यांनी स्वतःला पहिल्यांदा एकत्र पाहिलं ते त्या रात्री.

लाँग वेव्हला सीमा कळत नाहीत, त्यामुळे हीच स्टेशनं बेल्जियम, स्वित्झर्लंड, दक्षिण इंग्लंड, पश्चिम जर्मनी इथेही ऐकू यायची. फ्रेंच न येणारे कितीतरी कान असे तयार झाले. रेकॉर्ड कंपन्यांना याचा वास लागायला वेळ लागला नाही. फ्रान्स गालने 1965 मध्ये सर्ज गेन्सबूर यांचं गाणं गाऊन युरोव्हिजन स्पर्धा जिंकली, आणि तीही फ्रान्सकडून नव्हे तर लक्झेंबर्गकडून. पुढे तेच गाणं तिने जर्मन, इटालियन आणि जपानी भाषांमध्येही रेकॉर्ड केलं. फ्रान्स्वाज आर्दीही जर्मन, इटालियन, इंग्रजीत गायली. परदेशातला फ्रेंच पॉपचा चाहता हा काही अलीकडचा शोध नाही, त्याच्यासाठी साठ वर्षांपूर्वी खास ध्वनिमुद्रणं होत होती.

1981 मध्ये फ्रान्स्वा मितेराँ राष्ट्राध्यक्ष झाले आणि सरकारी मक्तेदारी संपली. एफएमवर शेकडो ‘मुक्त’ स्टेशनं उगवली. एनआरजे त्याच वर्षीचं. एफएम आवाजाला सुरेख, पण पल्ल्याला तोकडं. साधारण पन्नास-साठ किलोमीटरवर संपतं. स्टेशनं देशभर वाढली तशी लाँग वेव्हची गरज कमी होत गेली. सरकारी फ्रान्स इंटरने 2016च्या शेवटी, युरोप वनने (म्हणजे आधीच्या युरोप नंबर वनने) 2019च्या शेवटी आणि लक्झेंबर्गहून चालणाऱ्या आरटीएलने 2023च्या पहिल्या दिवशी लाँग वेव्ह बंद केली. वीजबिल प्रचंड आणि ऐकणारे थोडे, हे कारण पटण्यासारखं आहे. तरीही मला याची हळहळ वाटते. लाँग वेव्हवर इंग्लंडमधला एखादा शाळकरी मुलगा सुई फिरवता फिरवता चुकून पॅरिसला पोचू शकत होता. इंटरनेटवर मात्र आधी नाव माहीत असावं लागतं, मग शोधता येतं.

40 टक्क्यांचं गणित

आता त्या कोट्याकडे येऊ, कारण परदेशातल्या चाहत्यापर्यंत कोणती गाणी पोचतात हे बऱ्याच अंशी तोच ठरवतो.

कायदा 1 फेब्रुवारी 1994चा, अंमल 1 जानेवारी 1996 पासून. खासगी स्टेशनांनी लोकप्रिय संगीतातली किमान 40 टक्के गाणी फ्रेंच भाषेतली किंवा फ्रान्समधल्या ब्रेतों, कॉर्सिकन यांसारख्या प्रादेशिक भाषांमधली वाजवावीत, आणि त्यातली निम्मी नव्या कलाकारांची किंवा नव्याने निघालेली असावीत. ही मोजदाद लोक खरोखर ऐकत असतात त्या वेळेत होते. कामाच्या दिवशी सकाळी साडेसहा ते रात्री साडेदहा. नाहीतर सगळी फ्रेंच गाणी पहाटे तीनला वाजवून कोटा पुरा करता आला असता.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायची. अट भाषेची आहे, पासपोर्टची नाही. डाफ्ट पंक हे पॅरिसचे, पण इंग्रजीत गायले की कोट्यात धरत नाहीत. स्ट्रोमाए बेल्जियमचा, सेलिन दियॉन कॅनडातल्या क्युबेकची. ते फ्रेंचमध्ये गातात तेव्हा धरतात. क्लोद फ्रान्स्वाचं 1967चं एक फ्रेंच गाणं पॉल अँका यांच्या इंग्रजी शब्दांत फ्रँक सिनात्राच्या आवाजात ‘माय वे’ म्हणून जगभर गाजलं. चाल तीच. पण फ्रेंच स्टेशनाने सिनात्रा लावला तर ते गाणं कोट्याच्या हिशेबात इंग्रजीच.

कोट्याने काय झालं? सर्वात मोठा परिणाम कुणाच्या मनातही नसावा असा होता. तरुणांसाठीच्या स्टेशनांना अचानक नव्या कलाकारांची पुष्कळ फ्रेंच गाणी लागू लागली. गिटारवाले नवे बँड बरेचदा इंग्रजीत गायचे. फ्रेंचमध्ये, नवं आणि तरुणांना आवडणारं असं भरपूर काय होतं? रॅप. मार्सेय आणि पॅरिसच्या उपनगरांतली पोरं फ्रेंचमध्येच बोलत होती, कारण त्यांना सांगायचं होतं ते शेजाऱ्याला कळायला हवं होतं. 1996 मध्ये स्कायरॉक हे मोठं स्टेशन रॅपकडे वळलं आणि फ्रेंच रॅप हा तिथल्या लोकप्रिय संगीताचा कणा बनला. भाषा वाचवायला केलेल्या कायद्याने स्थलांतरितांच्या मुलांच्या आवाजाला दार उघडून दिलं. आज जगभर ऐकल्या जाणाऱ्या फ्रेंच पॉपचा मोठा भाग त्याच दारातून आलेला आहे. आया नाकामुराचं एक गाणं 2018 मध्ये नेदरलँड्सच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. फ्रेंच गाणाऱ्या स्त्रीला हा मान तिथे एदित पियाफनंतर कित्येक दशकांनी मिळाला.

दुसरा परिणाम मात्र चाहत्याच्या मुळावर येणारा आहे. 40 टक्क्यांची अट पुरी करायची, पण धोका पत्करायचा नाही. मग काय करायचं? तीच ती पाच-सात हमखास चालणारी फ्रेंच गाणी दिवसभर फिरवायची. कोटा भरतो, विविधता मरते. यावरून 2015 मध्ये सरकार आणि स्टेशनं यांच्यात जाहीर भांडण झालं आणि 2016 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली: स्टेशनावर सर्वाधिक वाजणारी दहा फ्रेंच गाणी जर एकूण फ्रेंच वाजवणुकीच्या निम्म्याहून जास्त जागा खात असतील, तर निम्म्यापुढची वाजवणूक कोट्यात धरायची नाही. मला ही दुरुस्ती न्याय्य वाटते. स्टेशनांची बाजूही ऐकली आहे: नवं फ्रेंच संगीत पुरेसं निघत नाही, म्हणून तीच ती लावावी लागतात. पण जो देश आठवड्याला इतकी नवी गाणी काढतो, तिथे हे कारण टिकत नाही.

सगळ्या स्टेशनांना एकच माप आहे असंही नाही. 2000 पासून जुन्या गाण्यांवर भर देणाऱ्या स्टेशनांना 60 टक्के फ्रेंच आणि तरुणांच्या स्टेशनांना 35 टक्के, पण त्यात नव्या कलाकारांचा वाटा मोठा, असे पर्याय मिळाले. आणि सरकारी रेडिओने 1980 मध्ये ज्येष्ठ श्रोत्यांसाठी काढलेलं रेडिओ ब्लू शंभर टक्के फ्रेंच गाणी वाजवायचं.

आता चाहत्याच्या दृष्टीने सर्वात रंजक तुलना. कॅनडाचा नियामक सीआरटीसी याने फ्रेंच भाषेतल्या स्टेशनांना घालून दिलेलं प्रमाण आठवड्याला 65 टक्के आहे. म्हणजे फ्रेंच गाणी जास्त ऐकायची असतील तर पॅरिसपेक्षा माँट्रियालचं स्टेशन लावावं! हे विचित्र वाटतं, पण कारण उघड आहे. पॅरिसमध्ये फ्रेंचला कुणी हलवू शकणार नाही असं लोकांना वाटतं. क्युबेकच्या भोवती सगळीकडे इंग्रजी आहे. भीती जितकी जवळ, तितका कोटा मोठा. अमेरिकेतल्या लुईझियानात तर 1921च्या राज्यघटनेने शाळांमधून फ्रेंच काढून टाकलं होतं. आज तिथे लाफायेत शहरातलं केआरव्हीएस हे विद्यापीठाचं स्टेशन केजन आणि झायडेको हे तिथलं स्थानिक फ्रेंच संगीत वाजवतं, फ्रेंचमध्ये निवेदन करतं. कानावर पडणारी ती फ्रेंच पॅरिसच्या माणसालाही जरा कान देऊन ऐकावी लागेल अशी आहे.

गाणं वाजलं की पैसे कुणाला

समजा तुम्ही ठरवलं, नागपुरात किंवा न्यू जर्सीत बसून फ्रेंच पॉपचं वेब स्टेशन काढायचं. गाण्यांचा संग्रह आहे, संगणक आहे, आवड आहे. पहिली भिंत हक्कांची.

एका ध्वनिमुद्रित गाण्यात दोन वेगळ्या मालमत्ता असतात. एक म्हणजे रचना: शब्द आणि चाल. ती गीतकार-संगीतकाराची. दुसरी म्हणजे ते विशिष्ट ध्वनिमुद्रण: गायक, वादक आणि रेकॉर्ड कंपनी यांचं. ‘माय वे’ लागलं की रचनेच्या पैशातला वाटा मूळ फ्रेंच संगीतकारांकडे जातो, ध्वनिमुद्रणाचे पैसे मात्र सिनात्राच्या बाजूला.

रचनेचे पैसे गोळा करणारी फ्रान्समधली संस्था सासेम, स्थापना 1851. तिच्या जन्माची कथा मला फार आवडते. 1847 मध्ये एर्नेस्त बूर्झे हा गीतकार पॅरिसच्या शाँझेलिझेवरच्या एका कॅफेत मित्रांबरोबर बसला होता. तिथे त्यांचीच गाणी वाजत होती. बिल आलं तेव्हा त्यांनी सांगितलं: आमचं संगीत तुम्ही फुकट वापरता, मग तुमचं पेयही आम्ही फुकटच पिणार. प्रकरण न्यायालयात गेलं, बूर्झे जिंकला आणि त्यातून गीतकार-संगीतकारांसाठी वसुली करणारी ही संस्था उभी राहिली. आपल्याकडे हेच काम आयपीआरएस करते. अशा संस्थांचे आपसांत करार असतात, त्यामुळे फ्रेंच गीतकाराला शोधत पॅरिसला जावं लागत नाही. आपल्या देशातल्या संस्थेकडे पैसे भरले की ते हिशेबाने तिकडे पोचतात.

ध्वनिमुद्रणाचा हक्क जास्त अवघड, कारण तो देशागणिक बदलतो. फ्रान्समध्ये 1985च्या कायद्याने रेडिओला सोय दिली: प्रत्येक कंपनीची परवानगी मागत बसू नका, ठरलेलं मानधन भरा आणि कुठलंही प्रसिद्ध झालेलं गाणं वाजवा. पण ही सोय एफएमवाल्यांना होती. वेब रेडिओला ती 2016च्या कायद्याने मिळाली. अमेरिकेत उलटंच आहे. तिथे एफएम स्टेशन गीतकाराला पैसे देतं, पण गायकाला आणि रेकॉर्ड कंपनीला काहीच देत नाही. वेब रेडिओला मात्र दोघांनाही द्यावे लागतात. शिवाय दर ‘एक गाणं, एक श्रोता’ असा. 2021 मध्ये जाहिरातींवर चालणाऱ्या वेब रेडिओसाठी तो 0.0021 डॉलर होता.

आकडा किरकोळ दिसतो, म्हणून गुणाकार करून पाहा. तासाला 15 गाणी, सरासरी 100 श्रोते, दिवसाचे 24 तास, महिन्याचे 30 दिवस. 10 लाख 80 हजार वाजवणुका झाल्या. महिन्याचे 2268 डॉलर, केवळ ध्वनिमुद्रणाचे. शंभर श्रोत्यांच्या, हौसेने चालवलेल्या स्टेशनाला हे कुठून परवडणार? पूर्वी छोट्या वेब स्टेशनांना उत्पन्नाच्या टक्केवारीत पैसे भरायची सवलत होती. ती 2015च्या शेवटी संपली आणि जानेवारी 2016 अखेर लाइव्ह365 हा मोठा मंच बंद पडला. त्यावरची कितीतरी हौशी स्टेशनं एका रात्रीत गप्प झाली. तो मंच 2017 मध्ये नव्या मालकाकडे पुन्हा सुरू झाला, पण तुटलेली सगळी स्टेशनं परतली नाहीत. अशा वेळी सर्वात आधी मरतात ती एखाद्या छोट्या आवडीभोवती उभी असलेली स्टेशनं. लोकप्रिय इंग्रजी गाण्यांना दुसरी दारं असतात. ये-येच्या विसरलेल्या गायिका वाजवणाऱ्याला नसतात.

हे ठरलेले दर भरून मिळणाऱ्या अमेरिकी परवान्याच्या अटी कार्यक्रमातही शिरतात. कुठल्याही तीन तासांत एका कलाकाराची चारपेक्षा जास्त गाणी नाहीत, आणि सलग तीनपेक्षा जास्त नाहीत. पुढे कोणती गाणी लागणार याची यादी आधी जाहीर करायची नाही. हेतू असा की लोकांनी रेडिओवरून हवं ते गाणं गाठून मुद्रित करून घेऊ नये. पण 11 जून 2024 रोजी फ्रान्स्वाज आर्दी गेल्या, तेव्हा फक्त या परवान्यावर चालणाऱ्या स्टेशनाला दिवसभर त्यांचीच गाणी लावून श्रद्धांजली वाहता आली नसती. तीन तासांत चार, बस.

भारतात आणखी एक वळण आहे. कॉपीराइट कायद्यातलं कलम 31-ड हे 2012 मध्ये आलं. त्याने रेडिओला ठरलेल्या दराने गाणी वाजवण्याचा हक्क दिला. ही सवलत इंटरनेटवरच्या सेवेला मिळते का? टिप्स ही संगीत कंपनी आणि विंक हे गाण्यांचं ॲप यांच्या वादात मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल 2019 मध्ये सांगितलं की नाही मिळत, आणि 2022 मध्ये खंडपीठाने ते कायम केलं. म्हणजे इथून वेब स्टेशन काढणाऱ्याने ध्वनिमुद्रणाच्या मालकांशी स्वतंत्र बोलणी करायची.

श्रोत्याच्या बाजूनेही सीमा उभ्या राहतात. ब्रिटनच्या उच्च न्यायालयाने 2019 मध्ये ट्यूनइन या रेडिओ ॲपविरुद्ध निकाल दिला: ब्रिटनमध्ये परवाना नसलेली परदेशी स्टेशनं तिथल्या श्रोत्यांपर्यंत पोचवणं हे हक्कभंग आहे. त्यानंतर 2020 मध्ये ट्यूनइनने ब्रिटिश वापरकर्त्यांसाठी परदेशी संगीत स्टेशनं बंद केली. कायद्याच्या दृष्टीने निकाल समजण्यासारखा आहे. पण ज्या किनाऱ्यावर 1963 मध्ये साध्या रेडिओवर पॅरिस ऐकू येत होतं, तिथे जगातलं सर्वात मोठं जाळं हाताशी असताना ते ऐकू येणं अवघड व्हावं, हे मला चूक वाटतं. पैसे कलाकाराला मिळालेच पाहिजेत. त्यासाठी दार बंद करण्याऐवजी दारात वसुलीची सोय करता येते. परस्पर करारांचा अनुभव सासेमसारख्या संस्थांकडे आहेच.

तंत्राचा भाग त्यामानाने सोपा. मनोऱ्याचा खर्च श्रोते वाढले म्हणून वाढत नाही. वेबवर प्रत्येक श्रोत्यासाठी वेगळा प्रवाह पाठवावा लागतो. सेकंदाला 128 किलोबिटचा प्रवाह धरला तर एका श्रोत्यामागे तासाला सुमारे 58 मेगाबाइट. आइसकास्टसारखं मोफत सॉफ्टवेअर आणि भाड्याचा सर्व्हर यावर छोटं स्टेशन चालतं. एक बारीक त्रास मात्र हमखास: गाण्याचं नाव प्रवाहाबरोबर जातं, आणि लिपीची सांकेतिक पद्धत दोन्ही टोकांना जुळली नाही तर फ्रेंच स्वरांवरच्या मात्रांच्या जागी कचरा उमटतो. चाहत्याने गायिकेचं नाव शोधायचं कसं? देवनागरीच्या जागी चौकोन पाहिलेल्यांना ही चीड ओळखीची आहे.

मग निवेदक कशाला

एवढा खटाटोप कशासाठी, स्ट्रीमिंग ॲपवर फ्रेंच गाण्यांची यादी लावली की झालं, असं कुणी म्हणेल. भाषा येणाऱ्याला कदाचित चालेल. परदेशी चाहत्याला नाही, आणि माझा सगळा जीव या मुद्द्यात आहे.

ॲप तुम्हाला आवडलेल्या गाण्यासारखं गाणं देतं. इंदिला आवडली की आणखी चार तशीच. पण इंदिलाच्या सुरावटीत जुन्या शांसोंची, म्हणजे शब्दांना महत्त्व देणाऱ्या फ्रेंच गाण्यांची, छाया आहे, म्हणून आता पियाफ ऐका, आणि मग बार्बारा ऐका, असं म्हणायला माणूस लागतो. त्याने गाण्याआधी दोन वाक्यांत प्रसंग सांगितला की न कळणाऱ्या शब्दांनाही आधार मिळतो: ही बाई रेल्वे स्टेशनवर कुणाची तरी वाट पाहतेय, हे गाणं आनंदी वाटतं, पण नाचणारा कर्जात बुडालेला आहे. स्ट्रोमाएच्या ज्या पहिल्या मोठ्या गाण्यावर जर्मनीपासून ग्रीसपर्यंत लोक नाचले, त्यात काम, कर्ज, घटस्फोट यांचीच यादी आहे. हे कळल्यावर नाच थांबत नाही, गाणं मात्र दुप्पट मोठं होतं.

निवेदन कोणत्या भाषेत करावं यावर अशा स्टेशनांमध्ये मतभेद असतात. फ्रेंचमध्ये केलं तर शिकणाऱ्याला लाभ आणि प्रवासी फ्रेंच माणसाला घरचा आवाज; पण निव्वळ चाहता बाहेर राहतो. माझं मत स्थानिक भाषेच्या बाजूने आहे, गायकांची नावं मात्र अस्सल उच्चारात. बीबीसीच्या काळापासून इंग्रजी निवेदकांनी फ्रेंच नावांची केलेली अवस्था ऐकली की हे का म्हणतोय ते कळेल.

आणि गाणी निवडणाऱ्याने फ्रेंच म्हणजे फक्त फ्रान्स असं धरू नये. फ्रेंच भाषिक देशांच्या फ्रँकोफोनी संघटनेच्या 2022च्या अहवालानुसार जगात फ्रेंच बोलणारे 32 कोटी 10 लाख आहेत, आणि त्यातले सर्वाधिक आफ्रिकेत. डाकार, अबिजान, किन्शासा, माँट्रियाल, ब्रसेल्स इथली गाणी नसलेलं फ्रेंच पॉपचं स्टेशन अर्धंच. इथे परदेशातलं स्टेशन पॅरिसच्या स्टेशनापेक्षा मोकळं असतं: त्याला ना कोट्याचा हिशेब, ना तिथल्या आठवड्याच्या यादीचं दडपण.

ऐकायला सुरुवात करायची असेल तर रेडिओ फ्रान्स या सरकारी संस्थेचं फिप लावा. 1971 पासून चालणारं हे स्टेशन फक्त फ्रेंच वाजवत नाही, जॅझपासून सगळं मिसळतं. पण त्यातली फ्रेंच निवड अप्रतिम असते आणि बडबड अगदी कमी. भाषा शिकत असाल तर आरएफआय या फ्रान्सच्या आंतरराष्ट्रीय रेडिओचं सोप्या फ्रेंचमधलं दहा मिनिटांचं बातमीपत्र सोबत ठेवा. वेळेचं गणितही लक्षात असू द्या: पॅरिसचा सकाळी सातचा कार्यक्रम भारतात उन्हाळ्यात साडेदहाला आणि हिवाळ्यात साडेअकराला लागतो. ऑफिसात बसून पॅरिसची न्याहारी ऐकायची नसेल, तर पहाटे उठणाऱ्यांसाठी क्युबेक बरं. माँट्रियालमध्ये उन्हाळ्यात रात्रीचे आठ वाजतात तेव्हा आपल्याकडे सकाळचे साडेपाच झालेले असतात, आणि तिथे फ्रेंच गाण्यांचं प्रमाणही जास्त आहे.